कासवाचे बोलणे पुरे होईपर्यंत

डोंगराच्या कुशीत एक रान होते, आणि त्या रानाच्या मधोमध उंबराचे एक भलेमोठे झाड होते. त्याच्या मुळांच्या जाळीतून एक झरा बाहेर पडे आणि खाली लहानशा डोहात साचे. या उंबराच्या वरच्या फांदीवर एका खारीने घर केले होते. दिसायला मूठभर, पण कामाला वाघ. बोरे सुकवावीत तर तिनेच, चारोळ्या वेचाव्यात तर तिनेच. तिच्या शेपटीला वारा लागायचाही अवकाश नसे.

मुलांनो, त्या रानाची एक जुनी रीत होती. सकाळी सगळ्यांनी मिळून अन्न गोळा करायचे, आणि ऊन डोक्यावर आले की हातातले काम टाकून उंबराच्या सावलीत जमायचे. तिथे काय चाले? कोणी डुलक्या काढी, कोणी पिल्लांच्या खोड्या सांगे, ससा थापा मारी. आणि मधूनमधून रानाच्या गोष्टी ठरत. कोणत्या झुडपाची बोरे यंदा तशीच ठेवायची, पाण्यावर आधी कोणी यायचे, उंबराच्या ढोलीतल्या साठ्यातून म्हाताऱ्यांना किती द्यायचे. हे ठरायला वेळ लागे. भांडणेही होत. त्यातून डोहातले म्हातारे कासव बोलायला उठले, की एकेक शब्द असा सावकाश येई की तोवर सावली या मुळावरून त्या मुळावर जाई. पण घाई कोणाला होती? कासवाचे बोलणे पुरे झाल्याशिवाय बैठक उठत नसे.

मग एका वर्षी उन्हाळा लांबला. गवत करपले, बोरी वाळल्या, ढोलीतला साठा संपला. तेव्हा बैठक मोडली. जो तो आपले पोट घेऊन रानोमाळ फिरू लागला. खारही दूरच्या कड्यावर जाऊन दिवसदिवस बिया शोधत बसे. तिची धाकटी बहीण घरी होती. "मी खाल्लंय गं, तू खा," असे ती रोज म्हणे, आणि खार दमून आलेली असे म्हणून नीट बघतही नसे. एके दिवशी खार दोन बिया गालात धरून परतली, तेव्हा बहीण फांदीवर निजल्यासारखी पडली होती. ती पुन्हा उठली नाही.

आभाळाने दया केली आणि रान पुन्हा हिरवे झाले, तेव्हा सगळे सावलीत जमले. "असे दिवस पुन्हा नकोत," खार म्हणाली. तिचा आवाज सगळ्यांत चढा होता. "यंदा दिवस मावळेपर्यंत काम करू. दुपारच्या गप्पांनी पोट भरत नाही." कोणालाच नाही म्हणवले नाही. साठ्याची देखरेख कोल्ह्याकडे दिली, कारण हिशेबी डोके त्याचेच होते.

कोल्हा वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. साठ्यातला एक दाणाही त्याने कधी जास्त घेतला नाही. तो सगळ्यांच्या आधी उठे आणि सगळ्यांच्या नंतर निजे. त्या वर्षी ढोली काठोकाठ भरली. पुढच्या वर्षी ढोलीबाहेर दगडांच्या कपारी भरल्या. तरी कामाची वेळ काही पूर्वीसारखी झाली नाही. "अजून थोडं," कोल्हा म्हणे, "उन्हाळ्याचा काय भरवसा?" आणि खारीला ते पटे. फांदीवरच्या त्या रिकाम्या जागेकडे नजर गेली की ती आणखी एक खेप करून येई.

उंबराची सावली ओस पडली. पहिल्या पहिल्यांदा काही ठरवायचे असले की कोल्हा विचारायला येई. ससा म्हणे, "आत्ता नको, माझा भारा अर्धा राहिलाय." साळू म्हणे, "संध्याकाळी बघू," आणि संध्याकाळी ती काट्यांसकट बिळात कोसळून घोरू लागे. मग कोल्हा सांगू लागला, "तुम्ही कामात होता, म्हणून मीच ठरवून टाकलं." आणि गंमत बघा, कोणाला राग आला नाही. उलट खार म्हणाली, "बरं झालं बाई, एक कटकट गेली."

असेच एकदा कोल्ह्याने ठरवून टाकले की कपारीतले अन्न उन्हाने खराब होते, तेव्हा उंबराखालच्या थंड मातीत मोठे कोठार खणायचे. साळूने खणायचे, सशांनी माती ओढायची, मुंगसांनी ती दूर नेऊन टाकायची, खारींनी बिया आणायच्या. प्रत्येकाला आपापले काम कळले. सगळे मिळून काय होणार, हे विचारायला कोणाला उसंत नव्हती.

त्याच दिवसांत खार पडली.

दिवस कलला होता, ही तिची कितवी खेप ते तिलाही ठाऊक नव्हते. रोजच्याच फांदीवरून रोजच्याच फांदीवर तिने उडी घेतली, आणि पाय चुकला. मागचा एक पाय असा सुजला की टेकवेना. कोल्हा धावत आला. "खारूताई, तू काळजी करू नकोस. तुझा वाटा तुला मिळेल. पाय बरा होईपर्यंत सावलीत पडून राहा."

पडून राहणे! खारीला ते कामापेक्षा जड गेले. डोळ्यांसमोरून सगळे लगबगीने जात-येत होते आणि आपण मात्र पालापाचोळ्यासारखे पडून. ती जमिनीवरचे काटक्यांचे तुकडेच उगाच या बाजूचे त्या बाजूला करी. मग डोहातून कासव वर आले. हळूहळू काठावर चढले, मान बाहेर काढली, आणि म्हणाले, "बाळ... बरं... आहे का?"

"बरं कसलं, आजोबा! सगळं काम अडलंय."

कासव बराच वेळ गप्प बसले. खारीला वाटले, ते झोपले. तेवढ्यात ते म्हणाले, "पाणी... गढूळ... येतंय."

"काय?"

"झऱ्याचं... पाणी. त्याला... मातीची... चव आहे."

खार एरवी इथवरच ऐकून निघून गेली असती. आता जाणार कुठे? ती ऐकत राहिली. कासव एक वाक्य बोले, मध्ये थांबे, एखादे पान पडताना बघे, मग पुढचे वाक्य बोले. असे करत करत त्याने जे सांगितले ते एवढेच होते : या डोहात त्याचा जन्म गेला, पण झऱ्याला अशी चव त्याने कधी चाखली नव्हती. ती चव उंबराच्या मुळांकडून येत होती.

"मग कोल्होबांना सांगितलं का नाही?"

"गेलो... होतो ना. तो... उभ्या उभ्या... ऐकत होता. माझं पहिलं वाक्य... संपायच्या आत... गेला. त्याचाही... काय दोष? त्याच्यामागे... केवढी कामं."

"म्हणजे कोठारामुळे झऱ्याला धोका आहे म्हणता?"

"ते... मला नाही सांगता येत," कासव म्हणाले. "मला... पाणी कळतं. खाली... काय चाललंय... ते साळूला विचार."

ते दोघे असे रोज बसू लागले. आणि कासवाच्या दोन शब्दांच्या मधल्या त्या लांबलचक शांततेत खारीच्या मनात एक गोष्ट वर आली, जी तिने कामाखाली दाबून टाकली होती. बहीण गेली ती अन्न नव्हते म्हणून, असे ती स्वतःला सांगत आली होती. पण त्या दिवसांत तिने बहिणीकडे एकदा तरी नीट पाहिले होते का? ती बसून चार शब्द बोलली असती, तर "मी खाल्लंय" हे खोटे आहे, हे बहिणीच्या खपाटीला गेलेल्या पोटावरूनच कळले नसते का? खार त्या दुपारी पहिल्यांदा बहिणीसाठी रडली. कासव नुसते तिथेच राहिले.

संध्याकाळी साळू पाण्यावर आली, तेव्हा खारीने तिला गाठले. "साळूबाई, खाली खणताना काय लागतं गं?"

"मुळं लागतात," पाणी पिता पिता साळू म्हणाली. "मनगटाएवढी, मांडीएवढी. कुरतडून टाकते. आत ओली गच्च असतात. माझा सगळा काटा न् काटा भिजतो."

"तुला काही वाटलं नाही?"

साळूने पिणे थांबवले. "वाटलं होतं," ती म्हणाली. "पण विचार करत थांबले की मागे सशांची रांग लागते. म्हणून मग मनाला काही वाटू देणंच सोडलं."

दुसऱ्या दिवशी ससा सावलीत घाम पुसायला टेकला, तेव्हा खारीने त्यालाही विचारले. तो चाचरत म्हणाला, "वरच्या उतारावर, गवतात एक भेग पडलीय. परवा माझा पाय अडकला तिच्यात. असेल काहीतरी, म्हटलं. सांगायचं कोणाला?"

कासवाजवळ चव होती, साळूजवळ ओली मुळे होती, सशाजवळ भेग होती. तिघांनाही भीतीसारखे काहीतरी वाटून गेले होते. पण तिघे कधी एका जागी बसले नव्हते. खार लंगडत लंगडत कोल्ह्याकडे गेली.

कोल्ह्याने चालता चालता ऐकले. मग तो थांबला आणि मऊ आवाजात म्हणाला, "अर्धं कोठार झालंय. पाण्याच्या चवीवरून काम थांबवू? खारूताई, तुझी बहीण कशाने गेली ते तू तरी विसरू नकोस."

खारीच्या डोळ्यांसमोर ती रिकामी फांदी आली. मग तिने कसेबसे विचारले, "निदान एक बैठक बोलवा."

"बोलव ना तूच. ज्याला वेळ असेल तो येईल."

वेळ कोणालाच नव्हता. ससा म्हणाला, "ताई, माझ्या घरी तोंडं वाढलीत. एक दुपार बसलो तर वाटा कमी पडेल." मुंगूस म्हणाले, "कोल्होबा बघतात ना सगळं." एक म्हातारी खार तर म्हणाली, "पाय मोडला की असले विचार सुचतात." खार रोज दुपारी सावलीत एकटी बसे, आणि शेजारी कासव. सगळे त्यांच्याकडे बघत बघत जात आणि माना हलवत.

एका दुपारी साळू भुयारातून मातीने माखून बाहेर आली. तिने अंग झाडले, काटे खळखळले. ती परत भुयारात न जाता सावलीत आली आणि खारीजवळ फतकल मारून बसली. "आज मी खणणार नाही," ती म्हणाली. "आतलं एक मूळ कुरतडलं आणि वरून गार पाण्याची धार माझ्या डोक्यावर आली. आजोबांना काय म्हणायचंय ते मला ऐकायचंय. सगळं."

आता बघा काय झाले. साळू खणेना, म्हणून सशांना ओढायला माती उरली नाही. ससे थांबले, म्हणून मुंगसांना न्यायला काही राहिले नाही. रिकामे उभे राहून करायचे काय? एकेक जण सावलीत येऊन टेकला. कोणी सांगितले म्हणून नाही, पाय दुखत होते म्हणून. आणि टेकल्यावर त्यांच्या लक्षात आले, की इथे वारा किती गार लागतो. शेवटी कोल्हा आला, काय झाले ते बघायला. सगळे बसलेले बघून तो कडेला उभा राहिला.

"आजोबा, बोला," खार म्हणाली.

कासव बोलू लागले. तरणे ससे चुळबुळ करू लागले, मुंगसे जांभया देऊ लागली. पण कोणी उठले नाही, आणि हळूहळू चुळबुळ थांबली. कासवानंतर साळू बोलली, मग सशाने भेगेचे सांगितले. तो सांगत असतानाच एक मुंगूस म्हणाले, "अरे, आम्ही माती टाकतो तिथूनही पाणी झिरपायला लागलंय! मला वाटलं, दवाने ओलं झालं असेल." मग कोणी काही, कोणी काही. वेगवेगळ्या तोंडांतून आलेले तुकडे एकमेकांना जुळत गेले, आणि सगळ्यांना एकदमच कळले की ते आपल्या झऱ्याचा पाया आपल्या हातांनी पोखरत आहेत.

तरी निर्णय सोपा नव्हता. कोल्हा पुढे आला. "झरा वाचवाल," तो म्हणाला, "आणि उन्हाळ्यात खाल काय? कोठार नाही म्हणजे फक्त ढोलीपुरता साठा. तो पुरला नाही तर कोणाच्या तोंडाकडे बघायचं?" त्याचे बोलणे खोटे नव्हते. ससाही म्हणाला, "माझी पोरं लहान आहेत. मला कोठार हवंय. दुसरीकडे खणा, पण खणा."

खार एका पायावर जोर देऊन उभी राहिली. "कोल्होबांचा दोष नाही," ती म्हणाली. "दिवस मावळेपर्यंत काम करू, असं मीच ओरडून सांगितलं होतं. तेव्हा ते बरोबरही होतं. पण आपली दुपार गेली तेव्हा नुसत्या गप्पा नाही गेल्या. आजोबांचं ऐकणं गेलं. साळूबाईंना वाटलेलं आपल्यापर्यंत यायची वाट गेली. नवीन कोठार कुठेही खणा, ते भरायला पुन्हा संध्याकाळ होईपर्यंत राबावं लागेल, आणि पुढच्या चुकीच्या वेळी पुन्हा कोणाला वेळ नसेल. मी म्हणते, ढोलीत मावेल तेवढंच साठवू. तेवढ्याला अर्धा दिवस पुरतो. आणि कमी पडलं तर आधी लहानग्यांना, असं आजच ठरवू."

ज्यांना हे पटले त्यांनी शेपटी वर करायची, असे ठरले. यात वेळ गेला तो वेगळाच. सशांची शेपटी वर आहे की खाली, हे कोणालाच कळेना. कासवाने शेपटी वर केली, पण ती बघायला मुंगसाला जमिनीवर आडवे व्हावे लागले. हशा पिकला. कितीतरी दिवसांनी त्या सावलीत कोणी हसले होते. शेवटी थोड्याच शेपट्यांच्या फरकाने खारीचे म्हणणे मान्य झाले. सशाने शेपटी खालीच ठेवली होती. "ठरलं ते मला मान्य," तो म्हणाला, "पण मला पटलेलं नाही, हे लक्षात ठेवा."

"ते इथे दर दुपारी येऊन सांग," खार म्हणाली.

कोल्हा निघून गेला.

मुलांनो, इथे गोष्ट संपली असती तर किती छान झाले असते. पण तसे होत नाही. भुयार माती भरून बुजवले, तरी एका बाजूचा काठ थोडा खचलाच. उंबराच्या त्या अंगाच्या दोन फांद्या वाळल्या. पाणी निवळायला बराच काळ गेला. आणि मोकळी दुपार मिळाली खरी, पण मोकळे बसायचे कसे, हेच सगळे विसरून गेले होते. कोणी उगाच उठून येरझाऱ्या घाली, कोणी जुनी भांडणे उकरून काढी. खारीला तर पंजे हलवल्याशिवाय चैन पडत नसे. पण दिवस गेले तशी बसायची सवय झाली. साळू पिल्लांना वास घेऊन कंद ओळखायला शिकवू लागली. ससा पूर्वी थापा मारी, तो आता खरोखर डोंगरापलीकडे भटकून यायचा आणि काय काय पाहिले ते सांगायचा. पुष्कळशा बिया वेचायच्या राहिल्या होत्या, त्यांची पुढे रोपे झाली. कोल्हा मात्र बैठकीला येत नसे. तो दूर खडकावर बसून राही. त्यालाही आता दुपारी काम नव्हते.

आणि मग तो उन्हाळा आला. फार लांबला नाही, पण ढोलीचा तळ दिसण्याइतका लांबला.

त्या दुपारी सावलीत कोणी हसले नाही. एक मुंगूस ओरडले, "कोल्होबा खरं सांगत होते!" दुसरे म्हणाले, "पुन्हा दिवसभर कामाला लागू. बसून काय होणार?" आणखी कोणी म्हणाले, "कोल्होबांनाच बोलवा. ते सांगतील तसं करू. आपल्याला काही ठरवायलाच नको."

सगळ्यांनी खारीकडे पाहिले. खारीने ढोलीत डोकावून पाहिले होते. तळाशी थोड्याशाच बिया पसरलेल्या होत्या. "मला भीती वाटतेय," ती म्हणाली. "मी चुकले असेन. मला सांगता येत नाही." एवढे बोलून ती खाली बसली.

कोल्ह्याला बोलावणे गेले. तो आला. हडकला होता. "कारभार घ्या," सगळे म्हणाले, "तुम्ही म्हणाल ते."

कोल्हा उंबराच्या वाळलेल्या फांद्यांकडे बघत राहिला. त्याच्या मनात काय काय येऊन गेले ते त्याचे त्याला ठाऊक. मग तो म्हणाला, "त्या वर्षी साळूबाई थांबल्या नसत्या, तर सगळा काठ माझ्या हुकमावरून खचला असता. खाली साळूबाई होत्या, वर ससे होते. त्या खडकावर बसून मी दुसरा विचारच केला नाही. कारभार मी घेणार नाही. पण मला इथे बसू द्याल का?"

साळूने काटे आवरून जागा केली. कोल्हा बसला.

"मग करायचं काय?" ससा म्हणाला. त्याचा आवाज खोल गेला होता.

"कोणाला काय माहीत आहे, ते आधी सांगा," कोल्हा म्हणाला.

ससा म्हणाला, "डोंगरापलीकडच्या घळीत पाला अजून हिरवा आहे. पण लांब आहे."

साळू म्हणाली, "सुकलेल्या वेलीखाली कंद असतात. पिल्लांनाही ते आता वासाने कळतात."

एक सशीण हळूच म्हणाली, "मला फार काही सांगता येत नाही. पण आमचे हे सहा-सात दिवस जेवलेले नाहीत. पोरांना देतात आणि मी खाल्लं म्हणतात."

सगळ्यांच्या माना सशाकडे वळल्या. ससा खाली बघू लागला. खार उठली आणि ढोलीकडे गेली. त्या दिवशी ढोलीतला पहिला वाटा सशाला दिला गेला, आणि त्याने तो सगळ्यांच्या देखत खाल्ला. तेव्हाच असेही ठरले, की यापुढे प्रत्येकाने सावलीत, सगळ्यांसमोर खायचे, म्हणजे कोण उपाशी आहे ते लपणार नाही.

मग घळीत कोणी जायचे, कंद कोणी खणायचे, पोरांजवळ कोणी थांबायचे, हे ठरले. काही दिवस दुपारीही काम करायचे ठरले, पण बैठक मोडायची नाही, ती संध्याकाळच्या आधी भरवायची, असेही ठरले. ते दिवस कठीण गेले. सगळ्यांच्या बरगड्या दिसू लागल्या. मुंगूस दोनदा सशाशी भांडले आणि तिसऱ्यांदा त्याचा भारा उचलून आले. झऱ्याची धार बारीक झाली, पण आटली नाही. डोंगराच्या आसपासचे बाकीचे पाणवठे आटले होते.

त्या उन्हाळ्यात त्या रानातले कोणी उपासाने गेले नाही.

पुढे रान पुन्हा भरात आले, तेव्हा ढोलीशेजारी आणखी एक लहानशी ढोली भरावी की नाही, यावर कितीतरी दुपारी वाद चालला. ससा म्हणाला भरावी. मुंगूस म्हणाले नको. खार आधी नको म्हणाली, मग सशाचे ऐकून हो म्हणाली. कासव आपले म्हणणे मांडायला उठले. कोल्हा त्याच्या समोरच बसला होता. आभाळ भरून आले होते, बाहेर बोरे पिकून पडली होती, आणि ती उचलायची घाई कोल्ह्याच्या पंजांना झाली होती हे सगळ्यांना दिसत होते. पण तो हलला नाही. त्याने आपले पंजे अंगाखाली दुमडून घेतले आणि म्हणाला, "सावकाश, आजोबा. आम्हाला वेळ आहे."

तात्पर्य : पोटापुरते साठवावे आणि बाकीचा वेळ एकमेकांचे ऐकण्यासाठी राखावा. ज्यांना क्षणभर बसायलाही उसंत नाही, त्यांचे बरेवाईट दुसराच कोणीतरी ठरवतो.